ताकातला पालक : घट्टपणा, रंग व पोषण यांचा विचार

मराठी घरातील नित्याच्या पातळ भाज्यांमध्ये ताकातल्या पालकाचे स्थान मोठे आहे. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे व ताक यांच्या साहाय्याने शिजविलेली, घोटून एकजीव केलेली व वरून खमंग फोडणी दिलेली ही भाजी पोळीबरोबर व भाताबरोबर सारखीच चालते. हिला कोठे ‘पातळ भाजी’ म्हणतात, तर कोठे ‘गरगट’. नाव कोणतेही असो, तिची कसोटी एकच : भाजी पळीवाढी हवी. ती पळीतून संथपणे ओघळावी. पाणी एका बाजूस व चोथा दुसऱ्या बाजूस, अशी तिची स्थिती होऊ नये.

हा मऊ, दाट पोत मलईवाचून साधतो, ही या भाजीविषयी प्रथम ध्यानी घेण्याची गोष्ट होय. तथापि तिचे खरे महत्त्व केवळ पोतात नाही. पालकासंबंधी गृहशास्त्रात एक जुना पेच आहे. पालक शिजविलेले पाणी टाकून द्यावे की भाजीतच ठेवावे? ते टाकल्यास रक्तनिर्मितीस आवश्यक असे एक जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते. ठेवल्यास मूतखड्यास साहाय्यभूत होणारे एक अम्ल भाजीत राहते. ज्या राज्यात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, तेथे या प्रश्नास केवळ पाकशास्त्रीय म्हणता येणार नाही. ताकातल्या पालकाची परंपरागत कृती या पेचातून कसा मार्ग काढते आणि त्या मार्गाच्या मर्यादा कोणत्या, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पान आणि त्याची पैदास

बाजारात ‘पालक’ या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती येतात. पहिली विलायती पालक; वनस्पतिशास्त्रात तिला ‘स्पिनॅसिया ओलेरॅसिया’ म्हणतात व तिचे मूळ इराणकडील प्रदेशात मानले जाते. दुसरी देशी पालक. ही बीटच्या जातीतील असून तिचे शास्त्रीय नाव ‘बीटा व्हल्गॅरिस’, प्रकार ‘बेंगालेन्सिस’ असे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रसारित केलेले ‘ऑल ग्रीन’ व ‘पुसा ज्योती’ हे वाण या दुसऱ्या वनस्पतीचे होत. उष्ण हवेत देशी पालक चांगला तग धरतो व त्याची अनेकदा कापणी करता येते; म्हणून आपल्याकडील बाजारात त्याचेच प्रमाण मोठे असते. परदेशी ग्रंथांतील आकडे बहुधा पहिल्या वनस्पतीचे असतात, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. प्रस्तुत विषयापुरते दोहोंत साम्य आहे ते असे की, दोहोंच्याही पानांत ऑक्झॅलिक अम्लाचे प्रमाण मोठे असते.

मुंबईच्या उपनगरांत पालेभाजी अनेक वाटांनी येते. अंधेरीपर्यंतचा प्रदेश १९५० साली बृहन्मुंबईत आला. बोरिवली, मुलुंड यांचा समावेश १९५७ साली झाला. तेव्हा या भागांत वाड्या व मळे होते. वस्ती वाढली तसे ते आटत गेले आणि भाजीचा भार वसई, नाशिक, पुणे या बाजूंकडे सरकला. वसईच्या शेतकरी कुटुंबांनी लोकलगाडीतून आणलेली भाजी बोरिवली व अंधेरीच्या स्थानकांबाहेर विकण्याची प्रथा जुनी आहे. याखेरीज लोहमार्गालगतच्या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा इत्यादींची लागवड अनेक वर्षे होत आली, व तिला नाल्याचे पाणी दिले जाते अशी तक्रारही तितकीच जुनी आहे.

या तक्रारीचा विचार करताना दोन दोष वेगळे केले पाहिजेत. दूषित पाण्यातील रोगजंतू पानाच्या पृष्ठभागावर राहतात. धुण्याने ते कमी होतात व उकळण्याने मरतात. शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंची गोष्ट निराळी. मुळावाटे पानाच्या ऊतींत शिरलेला धातू धुण्याने अगर शिजविण्याने नाहीसा होत नाही. त्यावर उपाय भाजी कोठून आली याची चौकशी करणे, एवढाच होय. माती मात्र धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. पाने परातीतील भरपूर पाण्यात बुडवून वर उचलून घ्यावीत, म्हणजे रेती तळाशी राहते. पाणी पानांवरूनच ओतून दिल्यास बसलेली रेती पुन्हा पानांवर येते. अशी दोन-तीन पाणी करावीत, व पाने चिरण्यापूर्वीच धुवावीत. चिरलेल्या पानाच्या कडेवाटे पाण्यात विरघळणारी द्रव्ये निघून जातात.

नोकरीनिमित्त रोज लांबचा प्रवास करणाऱ्या उपनगरी स्त्रिया लोकलगाडीतच भाजी निवडून ठेवतात, हे दृश्य सर्वपरिचित आहे. निवडून ठेवण्यात काही बिघडत नाही. चिरून रात्रभर ठेवण्यात मात्र क जीवनसत्त्व व फोलेट या दोहोंचा ऱ्हास होतो. यास्तव निवडणे आदल्या दिवशी व चिरणे शिजविण्याच्या वेळी, हा क्रम योग्य होय.

२. कृती

चार माणसांस पुरेल अशी भाजी पुढील प्रमाणात होते : निवडलेली पालकाची पाने व कोवळे देठ २५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे प्रत्येकी दोन मोठे चमचे, आंबट दही २५० ग्रॅम व तितकेच पाणी घालून घुसळलेले ताक, बेसन दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे १५ ते २० ग्रॅम, हिरव्या मिरच्या, मीठ, गुळाचा लहान खडा, आणि फोडणीसाठी तूप किंवा तेल, मोहरी, जिरे, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद, कढीपत्ता, लसूण व सुक्या मिरच्या.

डाळ व शेंगदाणे दोन-तीन तास भिजवून वेगळे मऊ शिजवावेत. येथे प्रेशर कुकरचा उपयोग करण्यास हरकत नाही. पालक बारीक चिरून रुंद पातेल्यात घालावा. पानांत सुमारे नऊ-दशांश पाणी असते व धुण्याचे पाणीही त्यांवर राहिलेले असते. म्हणून निराळे पाणी घालण्याची गरज पडत नाही. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटांत पाला बसतो व मऊ होतो. तो पळीने अगर रवीने घोटून त्यात शिजलेली डाळ व शेंगदाणे मिसळावेत. बेसन प्रथम थोड्या ताकात गुठळी न राहील असे कालवून मग उरलेल्या ताकात एकजीव करावे आणि ते ताक पालकावर ओतावे. आच मंद ठेवून उकळी येईपर्यंत सारखे ढवळत राहावे. उकळी आल्यावर मिरची, मीठ व गूळ घालून आणखी पाच-सहा मिनिटे शिजू द्यावे, म्हणजे बेसनाचा कच्चेपणा जातो. शेवटी फोडणी करून वरून ओतावी.

या कृतीतील प्रत्येक पायरीचा क्रम सकारण आहे. पाला आधी, ताक नंतर. बेसन ताकात, पालकात नव्हे. ढवळणे उकळीपर्यंत अखंड. स्निग्ध पदार्थ फोडणीच्या रूपाने अवश्य. या नियमांची कारणे पुढे क्रमाने पाहू.

३. ताक का फुटत नाही

दुधातील केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात तरंगत असते. दही लागताना जिवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक अम्ल निर्माण करतात. अम्लता वाढून पीएच मूल्य ४.६ च्या आसपास आले की या कणांना परस्परांपासून दूर ठेवणारा विद्युत्‌भार नाहीसा होतो व ते जुळून दह्याचे जाळे तयार होते. ताक करताना हे जाळे रवीने मोडले जाते. पण कणांची एकमेकांस चिकटण्याची प्रवृत्ती कायम असते. नुसते ताक तापविल्यास कण आणखी घट्टपणे एकवटतात, त्यांतील पाणी पिळल्यासारखे बाहेर पडते आणि चोथापाणी वेगळे होते. यासच ताक फुटणे म्हणतात.

बेसनातील पिष्ट या क्रियेला आवर घालते. सुमारे ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तपमानात पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांतील काही अंश बाहेर येऊन द्रवास दाटपणा आणतो. अशा दाट द्रवात प्रथिनाचे कण एकमेकांपर्यंत सहज पोहोचत नाहीत, व पोहोचले तरी मोठ्या गुठळ्या बनत नाहीत. ढवळण्याचे कारणही येथेच आहे. पिष्ट फुगेपर्यंत ते जड असल्याने तळाशी बसते. वरचा थर संरक्षणावाचून राहतो आणि तळाचा करपतो. उकळी येईपर्यंत ढवळत राहिले की पिष्ट सर्वत्र सारखे पसरते. त्यानंतर थोडे दुर्लक्ष झाले तरी भाजी फुटत नाही.

हाच न्याय कढीस लागू पडतो. घाटकोपर व मुलुंड येथील गुजराती घरांतील गोडसर कढी आणि कोकणस्थ घरातील ताकाची कढी यांत चवीचा फरक असला तरी दोहोंचा आधार बेसनच आहे. ताकातला पालक म्हणजे पालेभाजी सामावून घेणारी कढी होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. घोटलेल्या पानाचे तंतू व शिजलेल्या डाळीचे पिष्ट हे या दाटपणात भर घालतात. म्हणून कढीपेक्षा ही भाजी अधिक भरीव लागते.

फाळणीनंतर मुलुंड, चेंबूर इत्यादी ठिकाणी वसलेल्या सिंधी कुटुंबांची ‘साई भाजी’ येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. तिच्यातही पालक व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटली जाते. परंतु आंबटपणा ताकाऐवजी आंबटचुक्याचा असतो. तेथे फुटण्याजोगे प्रथिनच नसल्याने बेसनाचे प्रयोजन उरत नाही. मात्र आंबटचुक्यातही ऑक्झॅलिक अम्ल विपुल असल्यामुळे, पुढे सांगितलेला ताकाचा लाभ या भाजीस मिळत नाही. तो दह्याची जोड दिल्यासच मिळतो.

उपाहारगृहांच्या प्रभावाने पालकात मलई अथवा काजूची पेस्ट घालण्याची पद्धत घरोघरी आली आहे. मलईत स्निग्धांश अधिक, प्रथिने अल्प व आंबटपणा नाही. म्हणून ती सहसा फुटत नाही व पोत चटकन मऊ करते. पण कॅल्शियम दुधाच्या पाणीदार भागात असते, स्निग्धांशात नव्हे. परिणामी दाट मलईतील कॅल्शियम समान वजनाच्या दह्यातील कॅल्शियमच्या सुमारे निम्मेच भरते. काजूत तर स्वतःचेच ऑक्झॅलेट असते. पोताच्या दृष्टीने समान वाटणारे हे पर्याय पोषणाच्या दृष्टीने समान नाहीत, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

४. रंगाचा प्रश्न

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. अम्लाच्या सान्निध्यात उष्णता लागली की हा अणू सुटून त्याच्या जागी हायड्रोजन येतो व रंग शेवाळी, मळकट होतो. पानाच्या पेशींत स्वतःची अम्ले असतातच; शिजताना पेशी फुटल्या की ती हरितद्रव्याशी भिडतात. त्यांपैकी काही अम्ले बाष्पनशील असल्यामुळे झाकण उघडे ठेवले असता वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली, विशेषतः कुकरमध्ये, ती कोंडली जातात. शिवाय तेथील उच्च तपमानही रंगास मारक ठरते. पालक डाळीबरोबरच कुकरमध्ये लावण्याची सोय वेळ वाचविते, हे खरे. तथापि तिची किंमत रंगात व जीवनसत्त्वांत मोजावी लागते.

ताक हे स्वतःच अम्ल असल्याने ते घातल्यावर रंग उतरणे अटळ आहे. म्हणून ताक शेवटी घालावयाचे व त्यानंतरचा शिजण्याचा काळ पाच-सहा मिनिटांपुरता ठेवावयाचा. इतक्या काळात रंग मवाळ होतो, पण काळवंडत नाही. रंग टिकविण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती अनेक ठिकाणी प्रचलित आहे. सोड्याने अम्लता कमी होऊन हिरवेपणा टिकतो, यात संशय नाही. परंतु त्यामुळे पानांच्या पेशीभित्तिका विरघळून भाजी बुळबुळीत होते, आणि ब१ व क ही जीवनसत्त्वे नाश पावतात. डोळ्यांच्या समाधानासाठी एवढे नुकसान पत्करणे इष्ट नव्हे.

५. पाणी टाकावे की ठेवावे

आता मूळ पेचाकडे वळू. पालकाच्या पोषणमूल्यासंबंधी लोकांत रूढ असलेली पहिली कल्पना लोहाची आहे. ही कल्पना बरीचशी अतिरंजित होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम आहे, व वनस्पतिजन्य लोहाचा अल्प भागच शरीरात शोषला जातो. या अतिरंजनाचे मूळ एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांशचिन्हाच्या चुकीत आहे, अशी आख्यायिका १९८१ सालच्या एका ब्रिटिश वैद्यकीय लेखामुळे फार पसरली. पुढे २०१० साली माइक सटन यांनी त्या आख्यायिकेलाच आधार नसल्याचे दाखवून दिले. एका दंतकथेचे खंडन करण्यास दुसरी दंतकथा वापरली गेल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्ताच्या दृष्टीने पालकाचे खरे मोल फोलेट या जीवनसत्त्वात आहे, आणि त्याच्या शोधाची कथा मुंबईतच सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईस आल्या. डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या मातृमृत्यूविषयक चौकशीच्या अनुषंगाने हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गर्भवती स्त्रियांना, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास केला. या विकारात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. रोगाचे कारण जंतुसंसर्ग नसून आहारातील उणीव असावी, असे त्यांच्या ध्यानी आले. यीस्टच्या अर्कापासून केलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ देताच रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले व त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ असे नाव पडले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सस येथे मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकापासून एक अम्ल वेगळे केले व पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ‘फोलिक अम्ल’ ठेवले. १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्याचे संश्लेषण केले. मुंबईच्या गिरणगावात जाणवलेली उणीव व पालकाच्या पानात सापडलेले द्रव्य यांची अशी सांगड पडली.

फोलेट पाण्यात विरघळते, आणि सर्व अडचण येथेच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकिलॉप व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत पालक भरपूर पाण्यात उकळल्यावर पानांत फोलेटचा सुमारे निम्माच भाग उरला. वाफेवर शिजविल्यास मात्र लक्षणीय घट झाली नाही. म्हणजे नाशाचे मुख्य कारण उष्णतेपेक्षा पाणी हे होय. जे पाणी ओतून दिले जाते, त्यातच ते द्रव्य असते.

दुसऱ्या बाजूस ऑक्झॅलिक अम्ल आहे. ताज्या पालकात त्याचे प्रमाण वाण, ऋतू व पानाचे वय यांनुसार बदलते. १०० ग्रॅममागे ६०० ते १००० मिलिग्रॅम हा पल्ला सामान्यतः दिला जातो. हे अम्ल कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य क्षार बनविते. आतड्यात हा संयोग झाल्यास अन्नातील कॅल्शियम वाया जाते. रॉबर्ट हीनी, कॉनी वीव्हर व रॉबर्ट रेकर यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात दुधातील कॅल्शियम सुमारे २७.६ टक्के शोषले गेले, पालकातील मात्र ५.१ टक्केच. याउलट विद्राव्य ऑक्झॅलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडात पोहोचले व तेथे कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला, तर मूतखड्यास बीज मिळते. उकळून पाणी टाकल्याने विद्राव्य ऑक्झॅलेट बरेच कमी होते. काय व लीबमन यांना २००५ साली निरनिराळ्या भाज्यांत ही घट ३० पासून ८७ टक्क्यांपर्यंत आढळली.

पेच तो हाच. एकाच पाण्यात हितकर व अहितकर अशी दोन्ही द्रव्ये जातात. ओतून दिल्यास दोन्ही जातात, ठेवल्यास दोन्ही राहतात.

६. ताकाचे कार्य

या ठिकाणी ताकाचे महत्त्व प्रकट होते. ऑक्झॅलेटचा कॅल्शियमशी संयोग व्हावयाचाच असेल, तर तो मूत्रपिंडात न होता भांड्यात किंवा आतड्यात होणे श्रेयस्कर; कारण तेथे बनलेला अविद्राव्य क्षार शोषला न जाता मलावाटे निघून जातो. न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठात ब्रॉग्रेन व सॅव्हेज यांनी २००३ साली पालक दुग्धजन्य पदार्थांबरोबर खाण्यास देऊन पाहिला, तेव्हा शरीरात शोषल्या गेलेल्या ऑक्झॅलेटचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले. ताकात या कार्यास आणखी एक अनुकूलता आहे. गोड्या दुधातील कॅल्शियमचा मोठा भाग केसीनच्या कणांत फॉस्फेटच्या रूपाने बांधलेला असतो. दही आंबताना अम्लतेमुळे तो विरघळून द्रवात मोकळा होतो. म्हणून समान कॅल्शियम असूनही दुधापेक्षा ताकात ते संयोगास अधिक सुलभ असते.

हे कार्य कितपत होते, याचा हिशेब मांडून पाहावा. वजनाने ९० भाग ऑक्झॅलिक अम्लास ४० भाग कॅल्शियम लागते. १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅम धरल्यास २५० ग्रॅम पालकात १७५० मिलिग्रॅम ऑक्झॅलिक अम्ल होते व ते सर्व बांधण्यास सुमारे ७८० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २५० ग्रॅम दह्यात कॅल्शियम असते ३०० ते ३७५ मिलिग्रॅम. म्हणजे गणिताने पाहता पाच भागांतील दोन भागांपासून निम्म्याच्या आसपासपर्यंत अम्ल बांधले जाऊ शकते. पानातील काही ऑक्झॅलेट मुळातच अविद्राव्य स्थितीत असते. ते वगळल्यास उरलेल्यातील बांधल्या जाणाऱ्या भागाचे प्रमाण आणखी वाढते. अर्थात ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष भांड्यात सर्व कॅल्शियम या एकाच कामी येत नाही.

या हिशेबातून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दह्याचे वजन पानांच्या वजनाइतके तरी असावे. विकत मिळणारे पातळ ताक वापरल्यास त्यात पाणीच अधिक असल्याने भाजीस ना दाटपणा येतो, ना कॅल्शियम मिळते. लोणी काढून घेतलेल्या ताकाने मात्र काही बिघडत नाही. कॅल्शियम लोण्याबरोबर जात नाही. दुसरी, पाणी ठेवून ताक घालणे हा निरोगी माणसाचा मार्ग आहे. ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचा मूतखडा होऊन गेला आहे, त्यांना अर्धे संरक्षण पुरेसे नव्हे. त्यांनी पालक खावा की नाही, व खाल्ल्यास उकळून पाणी टाकावे काय, हे वैद्यांच्या सल्ल्याने ठरवावे. त्यांच्यासाठी शेंगदाणेही वर्ज्य करणे बरे, कारण त्यांतही ऑक्झॅलेट आहे.

७. रक्तक्षय आणि या भाजीची मर्यादा

डाळ व शेंगदाणे हे केवळ भर घालणारे पदार्थ नाहीत. हरभरा व भुईमूग ही दोन्ही फोलेटची चांगली साधने आहेत. पालकात १०० ग्रॅममागे १४० ते २०० मायक्रोग्रॅम फोलेट असते. पाणी न टाकता शिजविलेल्या भाजीच्या एका वाढणीत, डाळ-शेंगदाण्यांसह, प्रौढ व्यक्तीच्या दैनिक गरजेचा लक्षणीय भाग येतो. तुपाची वा तेलाची फोडणी पालकातील कॅरोटीनच्या शोषणास आवश्यक असते. ते कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होते. म्हणून ‘बिनतेलाचा पालक’ हा आरोग्याचा आदर्श मानण्याचे कारण नाही.

लोहाच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. जे कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधते, तेच त्या जेवणातील लोहाच्या शोषणासही अडथळा आणते. सबब ताकातल्या पालकाची गणना लोहाच्या साधनांत करू नये. शासकीय कार्यक्रमात गर्भवती स्त्रियांना ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अम्ल असलेली गोळी दिली जाते. ती गोळी या जेवणाबरोबर न घेता काही तासांच्या अंतराने घ्यावी. ‘घरात पालक होतो, मग गोळीची काय गरज?’ हा समज घातक आहे. गर्भारपणातील फोलेटची दैनिक गरज ५०० मायक्रोग्रॅमहून अधिक असते, आणि ती एका भाजीने भागविणे शक्य नाही. विल्स यांच्या रुग्ण स्त्रियांना अन्नातील उणीव भरून काढण्यासाठी अर्क द्यावा लागला, हा धडा अद्याप जुना झालेला नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, ताकातल्या पालकाचे तीन गुण, पळीवाढा दाटपणा, टिकाऊ रंग व पोषण, हे एकाच क्रमावर अवलंबून आहेत. पाला स्वतःच्या पाण्यात, उघड्या भांड्यात, थोडा वेळ शिजविल्याने रंग राहतो व फोलेट वाया जात नाही. ताकात कालविलेले बेसन प्रथिनास फुटू देत नाही व ताक भरपूर घालण्यास मोकळीक देते. भरपूर ताक ऑक्झॅलेटचा मोठा अंश बांधून ठेवते. बेसन नसते तर इतके ताक उकळता आले नसते, आणि ताक नसते तर पाणी ठेवणे तितकेसे निर्धास्त झाले नसते.

ही कृती ज्या गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली, त्यांनी ती चवीसाठी व हाताशी असलेल्या जिन्नसांतून घडविली. तिच्यात रसायनशास्त्र आधीपासूनच ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. अभ्यासकाचे काम इतकेच की, अशा कृतीत काय घडते ते मोजून पाहावे. जे टिकते ते सकारण सांगावे, व जेथे तिची मर्यादा येते, तेथे औषध व वैद्य यांना वाट मोकळी करून द्यावी. देशी पालकाच्या निरनिराळ्या वाणांत ताक घालण्यापूर्वी व घातल्यानंतर विद्राव्य ऑक्झॅलेट किती राहते, पावसाळी व हिवाळी पानांत त्याचा फरक किती पडतो, आणि ताकाच्या आंबटपणाचा त्यावर काय परिणाम होतो, हे प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांस विभागाच्या प्रयोगशाळेत, माफक साधनांनिशी हाताळता येण्यासारखे आहेत.